सोसायटीच्या लॉनला नेमकं किती पाणी? (पुणे, महिन्यांनुसार हिशोब)

वाफसा

एप्रिल उजाडला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप गटांवर तोच वाद पेटतो. लॉन जळतंय, पाणी वाढवा. नाही, टँकर येतायत, लॉनच उपटा. भांडणाऱ्यांपैकी कुणाकडेच आकडा नसतो, म्हणून हा धागा. पुण्याची हवा धरून हिशोब मांडतो. चुकलं तिथे दुरुस्त करा.

एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं की एक मिलिमीटरचा थर होतो. म्हणजे बागेचं पाणी पावसासारखंच मिमीत मोजता येतं. ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून एप्रिल-मेमध्ये पुण्यात दिवसाला साधारण ७ मिमी पाणी ओढून नेतात, मार्चमध्ये ५.५, ऑक्टोबरात ४.५, थंडीत ३.७ च्या आसपास. हरळीच्या जातीच्या गवताला (लॉनचं 'सिलेक्शन वन' गवत त्यातच आलं) यातलं ६० टक्के मिळालं तरी ते व्यवस्थित हिरवं राहतं. म्हणजे रोजची खरी गरज अशी:

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: २.२ मिमी
मार्च: ३.३ मिमी
एप्रिल ते मध्य जून: ४.२ मिमी
पावसाळा: शून्य. मोठी उघडीप पडली तरच विचार करायचा.
ऑक्टोबर: २.७ मिमी

आता ६००० चौरस फुटांचं लॉन घ्या. ते झालं ५५७ चौरस मीटर. वाऱ्याने उडणारं, फुटपाथवर पडणारं, एकीकडे जास्त एकीकडे कमी होणारं पाणी धरून ३० टक्के नासाडी पकडली, तर एप्रिलात रोज ३३४० लिटर लागतात आणि थंडीत १७५०. म्हणजे जवळजवळ निम्मे.

प्रत्यक्षात काय होतं? माळी सकाळी पाईप लावतो, तीन तास फिरवतो, बंद करतो. २० लिटरची बादली ५० सेकंदांत भरत असेल तर तो पाईप मिनिटाला २४ लिटर सोडतोय. तीन तासांत ४३२० लिटर. जानेवारीतही तेवढेच, मेमध्येही तेवढेच. पाणी द्यायचे साधारण २५७ दिवस धरले तर वर्षाला ११ लाख लिटर गेले, आणि वरच्या हिशोबाने लागत होते ६ लाख. पाच लाखांचा फरक म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. यात गवताचं एक पातंही पिवळं होत नाही, फक्त महिना बदलला की तासही बदलायचे.

पाटकरी

गणित बरोबर आहे, पण रोज किती हे सांगून थांबू नका, नाहीतर लोक रोज ४ मिमी शिंपडत बसतील. उथळ ओल, उथळ मुळं. हरळीची मुळं सहज सहा इंच जातात, खाली ओल असेल तर. सहा इंच पोयट्यात गवताला वापरता येईल असं पाणी साधारण २० मिमी मावतं. त्यातलं निम्मं संपलं की पुढचं पाणी. या हिशोबाने थंडीत पाचव्या दिवशी, ऑक्टोबरात चौथ्या, मार्चमध्ये तिसऱ्या आणि एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. मधल्या दिवशी नळाला हात लावायचा नाही.

तारखेवर विश्वास नसेल तर मोठा स्क्रूड्रायव्हर मातीत दाबून बघा. सहा इंच सहज गेला तर खाली ओल आहे. दोन इंचांवर अडला तर पाणी द्या. पाणी देऊनही अडतच असेल तर माती घट्ट झाली आहे, तिथे अजून पाणी ओतून उपयोग नाही, आधी टोचणी करा. बागकामाचा चार दातांचा काटा चार-चार इंचांवर पूर्ण आत घालून हलकेच मागे ओढायचा आणि वर अर्धा सेंटिमीटर चाळलेलं कंपोस्ट पसरायचं. मार्चच्या सुरुवातीला करा, भर उन्हात नको.

आणि गवताला विचारा ना. चालून गेल्यावर पावलांचे ठसे पाच-दहा मिनिटं तसेच राहिले, रंग निळसर-करडा झाला, की तहान लागली. त्याच्या आधी दिलेलं पाणी हौसेचं.

नळपुराण

@वाफसा, तीस टक्के नासाडी ही फार उदार धारणा आहे. हाताच्या पाईपने मारलेल्या पाण्यात सारखेपणा नसतो. माळी सावलीत उभा राहतो, झाडाजवळ चिबड आणि उन्हातला कोपरा कोरडा. तो कोपरा पिवळा दिसला की सगळ्या लॉनचं पाणी वाढतं.

स्प्रिंकलर असतील तर डब्याची चाचणी करा. एकसारखे, सरळ भिंतींचे बारा डबे घ्या. स्टीलची वाटी चालणार नाही, तिचं तोंड पसरट असतं. लॉनवर सारख्या अंतराने ठेवा, वारा नसताना १५ मिनिटं पाणी चालवा, प्रत्येक डब्यात पट्टी बुडवून मिमी लिहा. समजा आलं: ९, ११, १२, ६, ४, १०, १२, १३, ५, ९, ११, ६. सरासरी ९. सगळ्यांत कोरडे तीन डबे ४, ५, ६, त्यांची सरासरी ५. पाचाला नवाने भागलं की ५६ टक्के. ६० च्या खाली आलं तर वेळापत्रकाला हात लावू नका, आधी हार्डवेअर दुरुस्त करा.

नेहमीचे दोषी:
- पॉप-अप (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारा फवारा) कलंडलेला किंवा मातीत खचलेला. गवत आडवं येतं आणि फवारा दोन फुटांवरच तुटतो. सभोवती खणून डोकं जमिनीच्या पातळीला आणा.
- नोझलखालची जाळी गाळाने भरलेली. नोझल फिरवून काढा, जाळी जुन्या टूथब्रशने धुवा.
- दाब जास्त. फवाऱ्याचं धुकं होत असेल तर दाब चढलाय. साध्या फवारा-नोझलला २ बारच्या थोडं वर पुरतं. पंप चार बारने मारत असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर निम्मं पाणी शेजारच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर.
- दोन पॉप-अपमध्ये अंतर जास्त. एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचलं पाहिजे. कंत्राटदार नग वाचवतो आणि सोसायटी दहा वर्षं पाणी भरते.
- फवारा-नोझल आणि फिरते रोटर एकाच व्हॉल्व्हवर. पहिला तासाला ३५-४० मिमी टाकतो, दुसरा १०-१५. एकाचं पोट भरेपर्यंत दुसऱ्याखाली तळं.

वरच्या उदाहरणात १५ मिनिटांत ९ मिमी, म्हणजे तासाला ३६. एप्रिलात एक दिवसाआड डब्यात ११ मिमी यायला हवे असतील (८.४ ची गरज, वर असमानतेची भर), तर १८ मिनिटं. पण सलग १८ मिनिटं कधीच चालवू नका. तुडवलेली लाल माती तासाला ३६ मिमी पिऊ शकत नाही. घड्याळ लावून बघा, पृष्ठभागावर पाणी कुठल्या मिनिटाला चकाकायला लागतं. सातव्या मिनिटाला चकाकलं तर सहा-सहा मिनिटांचे तीन हप्ते, मध्ये ४० मिनिटं. त्या मधल्या वेळात दुसरे व्हॉल्व्ह चालतात, त्यामुळे एकूण वेळ फारसा वाढत नाही. साध्या कंट्रोलरमध्येही एका प्रोग्रॅमला तीन-चार सुरुवातीच्या वेळा टाकता येतात. तीच सोय वापरायची.

सोनकी

छान माहिती. वेळेबद्दल कुणी बोललंच नाही. संध्याकाळी थंडाव्यात मारलेलं बरं ना? आमच्याकडे माळी संध्याकाळीच येतो.

पाटकरी

@सोनकी, पुण्यात उन्हाळी संध्याकाळ फसवी असते. ऊन उतरतं, पण चार-पाचपासून पश्चिमेचा वारा सुटतो आणि फवारा वाहून नेतो. पहाटे हवा पडलेली असते. चार ते सात ही वेळ उत्तम. पावसाळ्याच्या तोंडाला किंवा दमट दिवसांत संध्याकाळचं पाणी रात्रभर पात्यावर राहून बुरशीचे रुपयाएवढे डागही पडतात, तो वेगळा ताप. माळी पहाटे येणार नाही हे उघड आहे, म्हणून टायमर. नळावर बसणारे बॅटरीचे टायमर मिळतात, पण बऱ्याच मॉडेल्सना उघडायला किमान अर्धा बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीखाली पाच मीटरपेक्षा कमी उंची मिळत असेल तर ते उघडतच नाहीत किंवा अर्धवट उघडे राहतात. अशा ठिकाणी बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा, शून्य दाबावर चालणारा प्रकार घ्या.

मुठाकाठ

सगळे पाणी कसं द्यायचं यावर बोलताय, मुळात का द्यायचं? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचा मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातूनच शहर आणि त्यातूनच दौंड-इंदापूरकडची शेती. २०२३ मध्ये १८ मेपासून दर गुरुवारी पाणी बंद होतं. बंगळूरने मार्च २०२४ मध्ये बागेला पिण्याचं पाणी वापरलं तर ५००० रुपये दंड लावला. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, मैदानाच्या पाण्यावरूनच. ३३४० लिटर म्हणजे माणशी १३५ लिटरच्या मानकाने जवळजवळ २५ माणसांचं पाणी. शोभेच्या, कुणी पाऊलही न ठेवणाऱ्या गवताला.

आणि एक फरक लक्षात घ्या. आंघोळीचं पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातं. त्यातलं काही मुंढव्याच्या जॅकवेलवरून (उपसा विहिरीवरून) बेबी कालव्यात उचललं जातं, उरलेलं नदीने उजनी धरणाकडे. ते कुणाच्या तरी कामी येतं. लॉनचं पाणी हवेत जातं, ते या खोऱ्याच्या हिशोबातून कायमचं गेलं.

वाफसा

@मुठाकाठ, शेवटचा मुद्दा मान्य आणि महत्त्वाचा. पण मोठ्या सोसायट्यांत स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) असतो, तिथे चित्र उलटं आहे. २०० फ्लॅट, घरटी चार माणसं, १३५ लिटरने रोज १ लाख ८ हजार. त्यातलं ८५ टक्के सांडपाणी धरलं तर ९२ हजार लिटर एसटीपीत येतं. फ्लशला माणशी ४५ ने ३६ हजार गेले. उरले पन्नास हजारांच्या वर, आणि ते बहुतेक ठिकाणी गटारात सोडलं जातं. लॉनला हवेत साडेतीन हजार. तिथे पिण्याचं पाणी लॉनला जात असेल तर तो पाणीटंचाईचा नाही, प्लंबिंगचा प्रश्न आहे.

गाळणी

एसटीपीचं नाव निघालं म्हणून सविस्तर लिहितो, कारण "एसटीपीच्या पाण्याने लॉन जळलं" ही तक्रार हमखास येते आणि दर वेळी कारण वेगळं निघतं.

पहिलं, सॉफ्टनर. काही सोसायट्यांत बोअर किंवा टँकरचं जड पाणी सॉफ्टनरमधून जातं, कधी एसटीपीच्या पुढेही सॉफ्टनर बसवलेला असतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटला की माती विस्कटते, छिद्रं बुजतात, पाणी वर साचतं आणि सुकल्यावर सिमेंटसारखा पापुद्रा. लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय. उपाय: बागेची लाईन सॉफ्टनरच्या आधी काढा. बिघडलेल्या मातीला पावसाळ्याच्या तोंडावर १०० चौरस मीटरला २० किलो जिप्सम टाकून टोचणी करा, पुढचं धुण्याचं काम पाऊस करतो. चुना टाकू नका, आपल्या मातीत तो आधीच भरपूर असतो.

दुसरं, क्षार. एसटीपीच्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅमने वाढलेले असतात. हरळी ते सहज पचवते, पास्पालम (लॉनचंच आणखी एक गवत) त्याहून जास्त. तक्रार करतात इक्झोरा, फर्न, काही क्रोटन, पानांची टोकं करपतात. एकाच व्हॉल्व्हवर लॉन आणि कुंपणाची झुडपं असतील तर झुडपांचा भाग वेगळा करा. जमिनीवरच्या लॉनमधून पावसाळा दर वर्षी मीठ धुऊन नेतो. पोडियमवर (पार्किंगच्या स्लॅबवर केलेल्या बागेत) मात्र निचऱ्याची जाळी तुंबलेली असेल तर मीठ स्लॅबवरच बसतं.

तिसरं, कच्चं पाणी. हवा देणारा ब्लोअर वीज वाचवायला रात्री बंद ठेवला की जिवाणू मरतात, गाळ वर येतो, पाणी काळपट आणि अंड्यासारखा वास. असं पाणी लॉनवर मारणं म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या जागेत मैला पसरणं. बागेच्या नळाला उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ ते १ मिग्रॅ दिसला पाहिजे, थेंबांच्या साध्या किटने रोज तपासता येतो. शुद्ध केलेलं पाणीही टाकीत एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका. स्प्रिंकलर पहाटे मुलं नसताना, आणि सकाळी गवत सुकल्यावरच खेळायला सोडा. प्रत्येक नळावर "पिण्यास अयोग्य" ही पाटी आणि नळाची मूठ काढून ठेवायची.

चौथं आणि सगळ्यांत धोक्याचं: एसटीपी बंद असताना लॉन चालू राहावं म्हणून कुणीतरी बागेची लाईन पिण्याच्या लाईनला मधे एक व्हॉल्व्ह टाकून जोडतो. तो व्हॉल्व्ह गळला की मैलापाणी पिण्याच्या पाण्यात. अशी जोडणी दिसली तर त्याच दिवशी कापा. ताजं पाणी द्यायचंच असेल तर ते बागेच्या टाकीत वरून पडू द्या, पाईपचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर, पाईपच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवून.

मोजमाप

@गाळणी +१. बागेच्या लाईनवर मीटर लावा हेही जोडा. स्वच्छ पाण्याला २५ मिमीचा साधा मल्टिजेट (आत चाक फिरणारा मीटर) पुरतो, त्याच्या आधी गाळणी. एसटीपीच्या पाण्यात त्याचं चाक महिन्याभरात शेवाळतं आणि मीटर कमी दाखवतो. मग समितीला वाटतं बचत झाली! तिथे आत फिरता भाग नसलेला विद्युतचुंबकीय मीटर घ्या, महाग आहे. ते जमत नसेल तर टाकीची पातळी आधी-नंतर मोजून वहीत लिहा. दर सोमवारी एक आकडा. महिन्याच्या आकड्याला लॉनच्या चौरस मीटरने आणि दिवसांनी भागलं की मिमी निघतात, ते वाफसाच्या तक्त्याशी ताडून बघा.

ठिबकसिंचन

जमिनीखालचं ठिबक कुणी सुचवलं नाही, नवल आहे. वाऱ्याची नासाडी शून्य, एसटीपीचे तुषार हवेत उडत नाहीत, फुटपाथ कोरडा. १६ मिमीची, दर ३० सेंमीवर २ लिटर प्रति तासाचा ड्रिपर असलेली नळी, चार इंच खोल, ४० सेंमी अंतराच्या ओळींत. एका ड्रिपरच्या वाट्याला ०.१२ चौरस मीटर, म्हणजे तासाला जवळपास १७ मिमी. एप्रिलात रोज १७ मिनिटं पुरतात. इथे रोज थोडं चालतं, कारण पाणी थेट मुळाशी जातं.

वरच्या ५५७ चौरस मीटरला साधारण १४०० मीटर नळी आणि साडेचार हजारांच्या वर ड्रिपर लागतील. सगळे एकदम उघडले तर तासाला ९३०० लिटर, एक इंची लाईनला ते झेपणार नाही. तीन भाग करा. प्रत्येक भागात सुरुवातीला १२० मेशचा डिस्क फिल्टर, सगळ्यांत उंच जागी हवा सोडणारा व्हॉल्व्ह, शेवटाला फ्लश व्हॉल्व्ह. हवेचा व्हॉल्व्ह वाचवू नका. पाणी बंद झाल्यावर नळीत पोकळी होते आणि ड्रिपर सभोवतीचा चिखल आत ओढतात, सहा महिन्यांत अर्धे बंद. महिन्यातून एकदा शेवट उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. एसटीपीच्या पाण्याला अधूनमधून हायपो (क्लोरीनचं द्रावण) घाला, नळीच्या शेवटी क्लोरीन १-२ मिग्रॅ दिसेपर्यंत.

नळपुराण

@ठिबकसिंचन, कागदावर सुंदर. पण वर पाटकरींनी सांगितलेली टोचणी मग विसरा, काटा थेट नळीत जातो. आणि गणपतीचा मांडव? खुंट्या ठोकल्या की दहा ठिकाणी कारंजी. नळ्यांचा नकाशा लॅमिनेट करून मांडववाल्याला द्या किंवा मांडवाची जागा ठिबकमधून वगळा. नवीन हरळीचे कोंब लावताना पहिले तीन-चार आठवडे वरूनच पाणी द्यावं लागतं, चार इंच खालची ओल कोंबांपर्यंत येत नाही.

नेवाडाकर

लास वेगासमध्ये ऋतूनुसार पाणी देण्याचे दिवस नियमानेच ठरलेले आहेत, म्हणून तुलनेला लिहितो. प्रत्येक घराला एक गट असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एक ठरलेला दिवस. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर तीन दिवस. मे ते ऑगस्ट रविवार सोडून सगळे दिवस, पण सकाळी ११ ते संध्याकाळी ७ स्प्रिंकलर बंद. रविवारी वर्षभर मनाई. पाणी रस्त्यावर वाहिलं तर दंड. २०२१ च्या राज्य कायद्याने निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी देता येणार नाही. दुभाजक, कार्यालयांपुढच्या पट्ट्या, वसाहतींचे कोपरे यात आले, स्वतंत्र घरांची अंगणं नाहीत. मुठाकाठ म्हणाले तोच तर्क इथे आहे: घरातलं पाणी शुद्ध होऊन मीड सरोवरात परत जातं आणि तेवढं जास्त उचलायला मिळतं, अंगणातलं परत येत नाही.

एक धोक्याची सूचना. गवत काढलं की त्यातली झाडं मरतात. त्यांची मुळं लॉनच्या पाण्यावर पोसलेली असतात. गवत काढायच्या आधी झाडांचं वेगळं पाणी सुरू करा.

आळं-माती

नेवाडाकरांच्या शेवटच्या ओळीला दहा वेळा +१. लॉनमधला बहावा, कांचन, बकुळ यांची मुळं वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात, कारण रोजचं पाणी तिथेच मिळालं. लॉन बंद करणार असाल तर थंडीतच सुरुवात करा, मेमध्ये नको. खोडाला लागून आळं करू नका, फांद्यांच्या घेराच्या कडेला गोल चर काढा. मध्यम झाडाला दर दहा दिवसांनी ७०-८० लिटर, हळूहळू, आणि वर पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन, खोडापासून वीतभर दूर. दोन उन्हाळे असं केलं की बरीचशी झाडं स्वतःचं बघतात.

गवताच्या जागी काय? उन्हात जलपिंपळी चांगली पसरते, तुडवण्यालाही थोडी दाद देते, पण मधमाश्या येतात, त्यामुळे अनवाणी मुलांच्या जागी नको. सावलीत ऱ्हिओ. बांधाला कोरांटी, निर्गुडी. वेडेलिया मात्र नको, नर्सरीवाला "मेंटेनन्स नाही" म्हणून गळ्यात मारतो आणि दोन वर्षांत ती कुंपण ओलांडते. झाडाच्या दाट सावलीत लॉन टिकवायचा हट्ट तर सोडाच. तिथे गवत पाण्याअभावी नाही, उजेडाअभावी मरतं, आणि माळी त्याला पाणी पाजत राहतो.

सोनकी

समजा ना एसटीपी आहे ना लॉन काढायला सभेची मंजुरी. पाणीकपात लागली. मग दोन महिने काय करायचं?

पाटकरी

@सोनकी, पिवळं होऊ द्या. गणपतीला खुडतो ती दूर्वा म्हणजेच हरळी. शेतकरी तिच्या काशा (जमिनीखालची आडवी खोडं) खणून दमतो आणि आपण तिचेच गालिचे विकत आणतो. असं गवत दोन महिन्यांच्या तहानेने मरत नाही, झोपतं. माती निदान सहा इंच असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी १०-१२ मिमीचं एक पाणी पुरतं, काशा जिवंत राहतात. ५५७ चौरस मीटरला ते सहा-साडेसहा हजार लिटर, महिन्यातून दीड-दोन वेळा.

तयारी मार्चमध्येच करायची. कापणीची उंची दोन इंचांवर न्या, एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग कापू नका, मशीनचं पातं धार लावून घ्या, बोथट पात्याने फाटलेली टोकं जास्त पाणी गमावतात. एप्रिल-मेमध्ये युरिया बंद. खत घातलं की कोवळी वाढ होते आणि तिला पाणी लागतं. खत मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर. झोपलेल्या लॉनवर क्रिकेट बंद, कारण तुडवलेलं भरून काढायला वाढच चालू नसते.

मेक्सिकन कार्पेट (लॉनचं वेगळं गवत) आणि पोडियमवरचं चार इंच मातीतलं लॉन यांना हे लागू नाही. मेक्सिकन झोपतं, पण उठायला फार वेळ लावतं. पोडियमवर स्लॅब तापतो आणि काशा भाजतात, तिथे आठवड्याला एक पाणी तरी द्यावंच लागेल.

मोजमाप

वळवाच्या पावसाचंही धरा. सरळ भिंतींचा एक डबा उघड्यावर ठेवा. १० मिमी पडला तर मेमधलं एक पाणी वगळा. ३ मिमी पडला तर वगळू नका, तो पात्यावरच सुकतो. अर्ध्या तासात ४० मिमी कोसळला तर त्यातले दहा-पंधराच मातीत गेले असं धरा, बाकीचं गटाराला.

मुठाकाठ

झोपवायला माझी हरकत नाही. पण झोपलंय की मेलंय हे कळणार कसं? जूनमध्ये कंत्राटदार सगळंच मेलं सांगून नवीन गालिचे विकतो.

पाटकरी

@मुठाकाठ, मूठभर गवत धरून ओढा. काशांनी घट्ट धरून ठेवलं तर चांगली खूण. सहज उपटून आलं आणि खाली मुळं कुरतडलेली दिसली तर हुमणी (मुळं खाणारी अळी) असू शकते, ते वेगळं प्रकरण. मग एक काशी नखाने खरवडा. आत पांढरी-फिकट हिरवी आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी होऊन कडकन मोडली तर गेली. खात्री करायची असेल तर मेच्या शेवटी वेगवेगळ्या तीन-चार ठिकाणी फूटभर चौकोन आखा आणि त्यांनाच दहा-बारा दिवस रोज तीन-चार लिटर पाणी द्या. कोंब फुटले त्या भागात गालिचा घेऊ नका. फुटले नाहीत तेवढ्याचीच ऑर्डर, तीही जुलैत, म्हणजे लावणीचं पाणी पावसाचं.